सूर्याच्या शेजारचे कोवळे तारे ओळखू कसे आले?

सप्तर्षी सातही एका घरचे नाहीत. १८६९ मध्ये ब्रिटिश खगोलतज्ज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांनी ताऱ्यांच्या निजगती, म्हणजे आकाशात सरकण्याच्या दिशा आणि वेग, नकाशावर मांडल्या, तेव्हा वसिष्ठ, अंगिरा, अत्री, पुलस्त्य आणि पुलह एकाच दिशेने सरकताना दिसले. क्रतू आणि मरीची मात्र आपापल्या वाटेने. एकत्र चालणारे तारे एकत्र जन्मले असावेत, या तर्काची ही एक जुनी खूण.

वय सांगायला मात्र वर्णपट, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाची रंगवार फोड, लागतो. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी धूळमेघांलगतचे, वर्णपटात हायड्रोजनच्या ठळक उत्सर्जनरेषा (चमकत्या रेषा) दाखवणारे ‘टी टॉरी’ तारे वेगळे काढले. पुढे ते नवजात ठरले आणि कोवळा तारा ढगातच शोधायचा, अशी सवय पडली. टी डब्ल्यू हायड्रीने ती मोडली: १९८३ मध्ये हा तारा ढगाविना, एकटाच आढळला. त्याच्या आसपासचे काही तारे त्याचेच सोबती आहेत, हे १९९७ मध्ये क्ष-किरणांमुळे पक्के झाले. अंतर सुमारे २०० प्रकाशवर्षे, वय कोटीभर वर्षे.

खरा साक्षीदार लिथियम. सुमारे २५ लाख अंशांना ते जळते, आणि लाल बटू, म्हणजे लहान, थंड, लालसर ताऱ्यात पृष्ठभागावरचे द्रव्य ढवळत थेट गाभ्यापर्यंत जाते. त्यामुळे काही कोटी वर्षांत लिथियम संपते. वर्णपटात ६७०८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर त्याची रेषा दिसली तर तारा तरुण. हायड्रोजनची चमक तेवढी भरवशाची नाही, कारण बरेच लाल बटू म्हातारपणीही भडकतात.

गोव्यातून अशा कोवळ्या ताऱ्यांपैकी एक नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पॅरिसहून तो उगवतच नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास, काणकोणसारख्या अंधाऱ्या जागी, अगस्त्याच्या थोडा उजवीकडे मंद बीटा पिक्टोरिस असतो. १९८४ मध्ये त्याच्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचे छायाचित्र मिळाले, पण असल्या तप्त ताऱ्याचे वय एकट्याने ठरवणे अवघड. १९९९ मध्ये एयू मायक्रोस्कोपी हा लाल बटू आणि त्याच्या जवळची लाल बटूंची एक जोडी बीटा पिक्टोरिसच्याच गतीने जाताना आढळले, आणि मोठ्या ताऱ्याचे वय लहान ताऱ्यांवरून काढले गेले: सुमारे दोन कोटी वर्षे. मला हा या इतिहासातला सर्वांत देखणा डाव वाटतो.

२०१८ पासून गाया यानाने अब्जाहून अधिक ताऱ्यांची अंतरे व निजगती दिल्या. उमेदवारांची आता वाण नाही. पण योगायोगाने त्याच दिशेने चाललेले म्हातारे तारेही यादीत शिरतात, आणि मंद लाल बटूंचा दृष्टिरेषेतला (आपल्याकडे येण्याचा वा दूर जाण्याचा) वेग गायाच्या माहितीत बहुधा नसतो. तेवढ्यासाठी जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीने एकेकाचा वर्णपट घ्यावा लागतो.