राखणदार आणि दिवाणजी : मुराकबा व मुहासबा

तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, संपवून घरी येताना भाचा म्हणाला, "मामू, मुराकबा म्हणजे आत्मपरीक्षणच ना?" मी 'हो' म्हणून टाकलं. चौकातून गल्लीत वळेपर्यंत लक्षात आलं, की मुहासब्याचा अर्थ मी मुराकब्याच्या नावावर खपवला होता.

चूक माझ्या एकट्याची नाही. दोन्ही शब्द अरबी, इस्लामी साधनेतले, दोन्ही 'मु'ने सुरू होणारे, आणि बयानात, म्हणजे धार्मिक प्रवचनात, बहुतेक जोडीनंच येणारे. मराठीत सांगताना दोघांनाही 'आत्मचिंतन' हा एकच सदरा घातला जातो. मुहासबा ओळखायला सोपा, कारण त्याचं मूळ आपण रोज उच्चारतो : हिसाब, म्हणजे आपला हिशेब. मुराकबा आला 'रकीब'च्या घरातून. रकीब म्हणजे नजर ठेवणारा, राखणदार. हाच शब्द गझलेत शिरला तेव्हा आधी प्रेयसीवर पहारा ठेवणारा होता, पुढे प्रेमातला प्रतिस्पर्धी झाला. मुशायऱ्यात रकीबाच्या नावानं बोटं मोडताना 'अर्-रकीब' हे अल्लाहच्या ९९ नावांपैकी एक आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं. 'अल्-हसीब', हिशेब घेणारा, हेही त्याच यादीत आहे.

भाच्याला दुसऱ्या दिवशी नीट सांगायला बसलो तेव्हा किताबांच्या आधी मला घरातलेच दोघं आठवले. चाचा रावेरकडे केळीच्या बागेत रात्रीच्या राखणीला असायचे. नाना, म्हणजे आईचे वडील, एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते.

चाचांसोबत लहानपणी मी दोन-तीन रात्री बागेत काढल्या आहेत. बाज, गोधडी, उशाशी बॅटरी. मला वाटायचं, राखण म्हणजे झोपायचं नाही, एवढंच. पण ते डोळे मिटूनही पडलेले असायचे आणि मध्येच म्हणायचे, "हा वारा नाही." केळीचं पान वाऱ्यानं फाटतं त्याचा आवाज वेगळा आणि रानडुक्कर आत घुसल्यावर होणारा वेगळा. काल किती घड गेले याचा विचार त्या वेळी त्यांच्या डोक्यात नसायचा. मुराकबा हा असा आहे. त्याच्या उलटा शब्द तर मराठीत घरोघरी आहे : गाफील. अरबीतल्या गफलतीतूनच तो आला.

इस्लामी विचारवंत इमाम गझाली (१०५८–११११) यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ४० भागांच्या ग्रंथातला ३८वा भाग याच जोडीवर आहे. त्यात एक छान गोष्ट येते. बगदादचे सूफी शिबली हे अबुल हुसैन नूरींना भेटायला गेले. नूरी इतके निश्चल बसलेले, की अंगावरचा केसही हलत नव्हता. हा मुराकबा कुणाकडून शिकलात, असं विचारल्यावर नूरी म्हणाले, आमच्याकडच्या एका मांजरीकडून. शिकारीसाठी ती बिळाशी बसायची तेव्हा अशीच बसायची.

मात्र मांजर आणि चाचा यांच्यापाशीच थांबलं तर मुराकबा अर्धाच कळतो, आणि इथंच तो 'चित्त एकाग्र करणे' यापासून वेगळा होतो. या राखणदारालाही कुणीतरी पाहतंय. देवदूत जिब्रीलच्या प्रसिद्ध हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या नोंदीत) 'एहसान' म्हणजे काय या प्रश्नाला पैगंबरांचं उत्तर आहे : अल्लाहची इबादत (उपासना) अशी कर जणू तू त्याला पाहतोस, आणि तू त्याला पाहत नसशील, तरी तो तुला पाहतोच आहे. मुराकब्याची सगळी इमारत या दुसऱ्या वाक्यावर उभी आहे. पहिलं वाक्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, दुसरं मेंढपाळालाही पेलतं. खरंच पेललं होतं. वाटेत भेटलेल्या एका मेंढपाळाला दुसरे खलिफा हजरत उमर (काही कथनांत त्यांचे पुत्र अब्दुल्ला) परीक्षा म्हणून सांगतात, एक बकरी विक, मालकाला सांग लांडग्यानं खाल्ली. तो विचारतो, "मग अल्लाह कुठे गेला?" त्यानं डोळे मिटले नव्हते, तसबीह, म्हणजे जपमाळ, हातात धरली नव्हती. व्यवहार चालू असतानाच तो हजर होता.

उर्दूत आज मुराकबा म्हटलं की मान झुकवून डोळे मिटलेला दरवेश समोर येतो. तो अर्थ खोटा नाही, सूफी सिलसिल्यांच्या (गुरुपरंपरांच्या) सरावातून तो रुळला आहे. पण बैठक ही तालीम झाली. कुस्ती पेठेत, शेतात, घरात असते.

आता नाना. दिवसभर कापसाच्या गाड्या येत, काटा होई, हमाल ओरडत, आणि नाना चिठ्ठ्या खिळ्याला टोचत जात. वही उघडायची ती दिवेलागणीनंतर. तेव्हा कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे. रोजमेळ लागला नाही तर जेवण थंड होऊ द्यायचे. गझालींनी उपमा नेमकी ही घेतली आहे : आपला नफ्स, म्हणजे आतला हवरा 'मी', हा धंद्यातला भागीदार. सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या (मुशारता), दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची (मुराकबा), संध्याकाळी हिशेब मागायचा (मुहासबा). फर्ज (सक्तीची उपासना) हे भांडवल, नफल (ऐच्छिक उपासना) हा नफा, गुनाह हा तोटा. भागीदारानं अफरातफर केली तर पुढे दंड, मेहनत आणि कानउघाडणी या आणखी तीन पायऱ्या आहेत, पण भाचा तोवर जांभया द्यायला लागला होता.

कुरआनच्या ५९व्या सूरेतली (अध्यायातली) १८वी आयत प्रत्येकाला सांगते, की उद्यासाठी आपण पुढे काय पाठवलंय ते बघावं. तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी स्वतःचा हिशेब घ्या, हे वचन हजरत उमर यांच्या नावावर आहे. बगदादच्या हारिस यांनी (मृत्यू ८५७) या कामात एवढं आयुष्य घातलं, की 'मुहासिबी' हेच त्यांचं नाव झालं.

तर राखण चालू क्षणाची आणि हिशेब गेलेल्या दिवसाचा, असं म्हणून मोकळं व्हावं वाटतं. पण गझाली तेवढ्यावर सोडत नाहीत. त्यांच्या मते प्रत्येक हालचालीपुढे तीन दिवाण, म्हणजे तीन वह्या, उघडल्या जातात : का केलंस, कसं केलंस, कुणासाठी केलंस. आणि ही गोष्ट त्यांनी मुराकब्याच्या प्रकरणात घातली आहे. म्हणजे राखणदारही प्रश्न विचारतो, पण हात पुढे जाण्याआधी, 'कोण आहे रे तिकडे?' असं. दिवाणजी विचारतो तोवर माल गेलेला असतो.

या दोघांची कामं अदलाबदल झाली की घोटाळा होतो. मी स्वतः त्यात कित्येक वर्षं होतो. नमाजला उभा राहिलो की दिवसभराच्या चुका आठवायच्या, घसा दाटून यायचा, आणि वाटायचं, आज खुशू, म्हणजे नमाजेतली तल्लीन नम्रता, लाभला. प्रत्यक्षात नमाजेची तिसरी रकअत (आवर्तन) चालू आहे की चौथी, हे सांगता यायचं नाही. पश्चात्ताप खरा होता, जागा चुकली होती. बागेत डुक्कर शिरलं असताना मी बाजेवर बसून कालच्या घडांची बेरीज करत होतो. गफलत पापाच्याच रूपात येते असं थोडंच आहे. ती डोळ्यांत पाणी घेऊनही येते.

उलटा प्रकार अलीकडे जास्त दिसतो. शांत बसलं, श्वास लागला, बरं वाटलं, आणि मग वही उघडावीशीच वाटत नाही. शेजाऱ्याचे पाचशे रुपये अजून द्यायचेत, भावाशी सहा महिने बोलणं बंद आहे; पण मन इतकं प्रसन्न, की ते आठवणंच असभ्य वाटतं. माझं मत कुणाला कडू लागेल, पण ज्याचा मुराकबा त्याला मुहासब्यापर्यंत नेत नाही, त्यानं चांगली झोप कमावली, इतकंच.

दोघांची गाठ जवळ आणण्याचा प्रयत्न नक्षबंदी या सूफी सिलसिल्यानं केला. आपल्याला तो अगदी परका नाही. या सिलसिल्यातले मोठे गुरू शेख अहमद सरहिंदी, त्यांचे शिष्य मुहम्मद हाशिम किश्मी बुऱ्हाणपूरला येऊन राहिले. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तेच. या सिलसिल्याच्या सूत्रांत 'होश दर दम' (प्रत्येक दमावर होश) आणि 'नजर बर कदम' (पावलावर नजर) ही राखणदाराची आहेत. 'वुकूफे जमानी' मात्र मजेशीर आहे : थोड्या थोड्या वेळानं थांबायचं आणि मधला वेळ हजेरीत गेला की गफलतीत, ते पाहायचं. हजेरीत गेला तर शुक्र (आभार), गफलतीत गेला तर तौबा (पश्चात्ताप). म्हणजे दिवाणजीच बॅटरी घेऊन बागेत आला.

भाच्याला शेवटी तौबा इब्न सिम्मा नावाच्या एका साधकाची गोष्ट सांगितली. तीही गझालींकडेच आहे. एके दिवशी त्यांनी स्वतःचं वय मोजलं : ६० वर्षं. दिवस मोजले : २१,५००. रोज एकच गुनाह धरला तरी २१,५०० गुनाह घेऊन मालकासमोर जायचं, आणि रोजचे तर कितीतरी, असं म्हणून ते कोसळले आणि गेले.

ही गोष्ट मी फार पूर्वी नानांनाही वाचून दाखवली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातली पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी गुणाकार केला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं धरलं तर २१,२४० होतात. ३६५ धरलं तर २१,९००. "दोन्हीकडून जुळत नाही," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.