खिडकी आहे, उजेड नाही: मुंबईतल्या उजेडाच्या नियमामागची गोष्ट

रीडेव्हलपमेंटच्या प्लॅनवर खिडकी असते, तिचं मापही नियमात बसतं, आणि तरी ताबा मिळाल्यावर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. मुंबईत हे आता इतकं कॉमन झालंय की लोक त्याला नशीब म्हणून सोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण याच शहरात शंभर वर्षांपूर्वी उजेड चक्क कोनात मोजायचे, आणि तो तळमजल्यावरच्या माणसासाठी मोजायचे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्या वेळी मांडवी, भुलेश्वर, नागपाडा या भागांत पाठीला पाठ लावून घरं उभी, मधे हाऊस गल्ली म्हणजे संडासाच्या टोपल्या काढायला ठेवलेली चिंचोळी फट, आणि आतल्या खोल्यांना जो काही उजेड यायचा तो त्या फटीतून. साहेबांचा समज असा की अंधार, ओल आणि कोंदट हवा यातूनच प्लेग पसरतो, मग घरांवर यूएचएच म्हणजे राहण्यास अयोग्य असे शिक्के मारले, छपरांची कौलं काढली की आत ऊन पडावं, लोकांना घराबाहेर काढलं, आणि लोकांनी त्याचा जो राग धरला तो बरोबरच होता. पुढे कळलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमों यांनी ते कराचीत १८९८ मध्ये दाखवलं पण तेव्हा फार कोणी मानलं नाही, नंतर प्लेग कमिशनने मुंबईतच प्रयोग करून ते पक्कं केलं. म्हणजे प्लेगपुरता अंधाराचा सिद्धांत चुकीचा निघाला. पण टीबीच्या बाबतीत तोच सिद्धांत बराचसा खरा होता. उन्हाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी इंग्लंडमध्ये १८७७ मध्येच दाखवलं होतं.

प्लेगच्या धक्क्यातून १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या स्कीम, परळची बीआयटी चाळ जिथे डॉ. आंबेडकर राहिले, हे सगळं ट्रस्टचंच काम. ट्रस्टने लोकांची घरं पाडली त्या मानाने गरिबांना परवडतील अशी घरं कमी बांधली, ही तक्रार तेव्हाही होती आणि रास्त होती. पण ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांनी एक गोष्ट लावून धरली, जी आज वाचताना थक्क व्हायला होतं. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांमधल्या उजेड आणि हवेवर एक आख्खं व्याख्यान दिलं, आणि त्यांचा सगळा भर एका आकड्यावर होता: साडेत्रेसष्ट अंश.

हा आकडा कुठून आला? लंडनच्या १८९४ च्या बिल्डिंग ॲक्टमध्ये इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. हिशोब अगदी सोपा आहे. सगळ्यात खालच्या खोलीपाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढायची, ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी होता कामा नये. भूमितीत याचा अर्थ, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. १० फूट गल्ली असेल तर २० फूट इमारत, बस. ऑर यांचं म्हणणं होतं की राहायच्या प्रत्येक खोलीची निदान एक बाजू तरी अशी उघडी हवी. सगळं पाडत बसण्यापेक्षा दाट वस्तीत मधूनमधून काही भाग काढून उजेडाला वाट करायची, हाही उपाय ते सुचवायचे. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी भागात जुन्या बिल्डिंगींच्या मधे आजही जी हवा खेळते ती या विचाराची आहे. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

नंतरच्या काळात कोन मागे पडला आणि मोजमाप दोन ठिकाणी वाटलं गेलं. एक म्हणजे खिडकी: १९९१ च्या डीसी रूल्समध्ये, म्हणजे शहराच्या बांधकाम नियमांमध्ये, खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी उघडता येणारी खिडकीची जागा लागायची. दमट गरम हवेसाठी राष्ट्रीय बिल्डिंग कोडमध्येही हाच आकडा आहे, कोरड्या गरम हवेला तो एक दशांश होतो. दुसरं म्हणजे ओपन स्पेस: ज्या बाजूने खोल्यांना उजेड मिळतो त्या बाजूला इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश जागा सोडावी लागायची. आता गंमत बघा, दोन शेजाऱ्यांनी आपापली एक तृतीयांश सोडली तर मधलं अंतर उंचीच्या दोन तृतीयांश होतं, म्हणजे ऑर मागत होते त्या निम्म्या उंचीपेक्षाही जास्त. कागदावर नियम ट्रस्टपेक्षा कडक होता! खिडकीचा नियम मात्र खिडकीसमोर काय आहे हे विचारत नाही, समोर ३ मीटरवर भिंत असली तरी एक षष्ठांश तो एक षष्ठांशच.

मग बिघडलं कुठे, तर सवलतींमध्ये. ओपन स्पेस कमी पडली तर प्रीमियम भरून ती माफ करून घ्यायची पद्धत रुळली. उजेड जाणार खालच्या मजल्यावरच्या माणसाचा, पैसे बिल्डरकडून महापालिकेकडे, आणि त्या माणसाला कोणी विचारत पण नाही. १९९५ मध्ये एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली, झोपडीधारकांना फुकट घर आणि त्याचा खर्च बाजारात विकायच्या सेल बिल्डिंगमधून काढायचा. सेलसाठी जितकी जागा मोकळी तितका फायदा, म्हणून झोपडीधारकांच्या रिहॅब बिल्डिंगी एका कोपऱ्यात दाटीने उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी अंतराचे नियम एवढे सैल केले की दोन बिल्डिंगींमध्ये ३ मीटरवर भागायला लागलं. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांच्या वसाहतीही याच साच्यात झाल्या.

ऑर यांच्या मापाने हे तपासून बघा. सात-आठ मजली बिल्डिंग साधारण २४ मीटर, तिच्यासमोर हवेत १२ मीटर, मिळतात ३. कोन निघतो जवळपास ८३ अंश, म्हणजे खालच्या खिडकीतून आभाळाची एक पट्टी दिसली तर दिसली. राष्ट्रीय कोड राहत्या खोलीत ०.६२५ टक्के डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा तेवढा हिस्सा आत, मागतो; बाहेर ८००० लक्स (उजेड मोजायचं एकक) धरले तर आत ५० लक्स, हे काही फार मोठं मागणं नाही, आणि तेवढंही तिथे पोचणं अवघड.

याचा परिणाम गोवंडी-मानखुर्दमध्ये मोजला गेलाय. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींची त्यात तुलना होती. पहिल्या दोन दाटीच्या वसाहतींत दहातल्या साधारण एका घरात टीबी, आणि जिथे बिल्डिंगींमध्ये मोकळी जागा होती त्या पीएमजीपीत शंभरात एखाद्या घरात. गरिबी, दाटीवाटी, पोषण यांचाही वाटा असतोच, पण खालच्या मजल्यांवर ऊन-हवा पोचत नाही हे त्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. प्लेगच्या वेळी अर्धवट समजुतीवर जे बोललं गेलं ते आता मोजून हातात आलंय, आणि आपण मात्र अंतर कमी करत चाललोय.

म्हणून सोसायटीत किंवा चाळीत रीडेव्हलपमेंटचा प्लॅन आला की नुसतं कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड विचारून थांबू नका, आर्किटेक्टकडून सेक्शन ड्रॉइंग म्हणजे इमारतीचा उभा छेद मागा, रिहॅबच्या सगळ्यात खालच्या राहत्या मजल्यापासून समोरच्या बिल्डिंगच्या माथ्यापर्यंत रेघ मारायला सांगा, आणि ओपन स्पेसची कुठली कमतरता प्रीमियम भरून माफ करून घेतली जाणार आहे ते सही करायच्या आधी लेखी घ्या.