दान केलेला कॉर्निया आणि विषाणूसंसर्ग: पार्श्वभूमी

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, याच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे त्याच्या प्रत्यारोपणासाठी सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही आणि मूत्रपिंडाच्या तुलनेत शरीर तो नाकारण्याची शक्यताही कमी असते. मात्र, जिथे रक्त पोहोचत नाही तिथे रोगही पोहोचणार नाही, असा एक समजही याच गुणामुळे बराच काळ टिकून राहिला. १९०५ मध्ये मोराव्हियात पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण झाले. त्यानंतरच्या सहा-सात दशकांत दात्याची निवड करताना प्रामुख्याने ऊतीची पारदर्शकता, दात्याचे वय आणि मृत्यूनंतर लोटलेले तास पाहिले जात. तत्कालीन मुंबई राज्यात १९५७ साली झालेला कॉर्निया प्रत्यारोपणाचा कायदाही मृताचे डोळे उपचारासाठी वापरण्याला वैध आधार मिळावा, या गरजेतून आला होता. संसर्ग हा त्या काळातील चिंतेचा विषय नव्हता.

या समजाला पहिला तडा १९७४ मध्ये गेला. मेंदूचा झपाट्याने ऱ्हास करणारा क्रॉइट्झफेल्ड-याकोब आजार कॉर्नियाद्वारे एका रुग्णाला झाल्याची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्या काळी या आजाराचे कारण ‘मंद विषाणू’ मानले जाई. ते विषाणू नसून विकृत प्रथिन, म्हणजे प्रिऑन, असल्याची मांडणी १९८० च्या दशकात झाली. तरीही नेत्रपेढ्यांच्या इतिहासात ही घटना विषाणूसंसर्गाच्या प्रकरणातच गणली जाते.

खरा हादरा दिला तो रेबीजने. १९७८ मध्ये अमेरिकेत पायांपासून वर चढत जाणाऱ्या लकव्याने मरण पावलेल्या एका व्यक्तीचा कॉर्निया बसवलेली महिला दोन महिन्यांच्या आत दगावली आणि दात्याचा लकवा हा प्रत्यक्षात रेबीज होता, हे त्यानंतरच उघड झाले. पुढच्या काळात फ्रान्स, थायलंड, भारत आणि इराण येथेही असे प्रकार घडले. एकूण आठ रुग्णांची नोंद झाली असून त्यांतील दोघे भारतातील आहेत. रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत हा विषाणू येतो कसा, याचे उत्तर चेतातंतूंमध्ये आहे. चाव्याच्या जागेपासून तो चेतातंतूंमार्गे मेंदूकडे जातो आणि तिथे वाढून त्याच मार्गाने लाळग्रंथी, त्वचा व डोळे यांच्याकडे उतरतो. कॉर्निया हा शरीरातील सर्वाधिक चेतातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे. कॉर्नियावर काचपट्टी हलकेच टेकवून घेतलेल्या नमुन्यात रेबीजचा अंश शोधण्याची निदानपद्धती तर या दुर्घटनांच्या आधीपासून वापरात होती. एका प्रयोगशाळेत जी ऊती रेबीजचा पुरावा म्हणून तपासली जात होती, तीच दुसरीकडे निर्धोक समजून बसवली जात होती, आणि या दोन गोष्टींचा मेळ कोणी घातला नव्हता.

१९८५ च्या सुमारास एचआयव्हीच्या धास्तीने रक्ततपासणी सुरू झाली. कॉर्नियाद्वारे एचआयव्हीची लागण झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही. याउलट हेपटायटिस बी या काविळीची लागण त्याच दशकात अमेरिकेत दोन रुग्णांना झाली. आज भारतात एचआयव्ही, हेपटायटिस बी व सी आणि सिफिलिस यांच्या चाचण्यांचा निकाल येईपर्यंत ऊती वेगळी ठेवली जाते. मृतदेहातील रक्ताच्या या चाचण्यांना मर्यादा आहेत. तांबड्या पेशी फुटलेल्या असल्यास संसर्ग नसतानाही तो असल्याचा निकाल येऊ शकतो, तर मृत्यूपूर्वी भरपूर सलाइन दिलेले असल्यास पातळ झालेल्या रक्तात संसर्ग निसटू शकतो. रेबीज तर या चाचण्यांत सापडतच नाही. त्याच्यासाठी मृत्यूचे कारण आणि श्वानदंशाविषयी नातेवाइकांना विचारलेला प्रश्न, एवढाच अडसर उरतो. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणूही कलमातून, म्हणजे बसवलेल्या ऊतीतून, जाऊ शकतो. मात्र त्याची प्रतिपिंडे बहुतेक प्रौढांच्या रक्तात असल्याने ती निकष ठरवल्यास दातेच उरणार नाहीत.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त निर्णय २०२० चा होय. टाळेबंदीनंतर भारतातील नेत्रतज्ज्ञांच्या आणि नेत्रपेढ्यांच्या संघटनांनी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार घरी झालेल्या मृत्यूनंतरचे नेत्रदान थांबवून रुग्णालयात मरण पावलेल्या, कोविड नसलेल्या दात्यांपुरतेच काम मर्यादित ठेवण्यात आले. रुग्णालयात केसपेपर असतो, तापाची व श्वासाच्या त्रासाची नोंद असते आणि तपासणीची सोय असते, हा यामागचा युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय तंत्रज्ञाच्या सुरक्षिततेचा प्रश्नही होताच. नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत, मृताच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाकून तो पंधरा-वीस मिनिटे काम करतो.

हा निर्णय पहिल्या काही महिन्यांसाठी योग्यच होता, पण तो ज्या सर्रासपणे लांबला त्याचे समर्थन करणे कठीण आहे. महाराष्ट्र व गुजरातसारख्या राज्यांत नेत्रदानाची परंपरा घरातून येणाऱ्या दूरध्वनीवर उभी राहिली आहे. मृत्यूनंतर सहा तासांत डोळे काढता यावेत म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचे, पंखा बंद ठेवायचा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, हे अनेक कुटुंबांना ठाऊक असते. अशा कुटुंबांना नकार द्यावा लागला. कोविडने मरण पावलेल्या काही व्यक्तींच्या नेत्रऊतींत विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, आढळले हे खरे. परंतु आरएनए सापडणे म्हणजे संसर्गक्षम विषाणू सापडणे नव्हे. ऊती काढताना वापरले जाणारे पोव्हिडोन आयोडीन पृष्ठभागावरील विषाणू निष्प्रभ करते आणि कॉर्नियाद्वारे कोविड झाल्याचा सिद्ध प्रकार नंतरही समोर आला नाही. आरटीपीसीआर सहज उपलब्ध झाल्यावर मृत्यूचे ठिकाण हा निकष मागे पडून दात्याची तपासणी हा निकष पुढे यायला हवा होता. अनेक ठिकाणी तसे व्हायला वेळ लागला.

याची झळ सर्वाधिक बसली ती तातडीच्या रुग्णांना. भाताची लोंबी किंवा उसाचे पाते डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होतो, कॉर्नियाला भोक पडते, तेव्हा प्रतीक्षायादीत थांबण्याची सवड नसते. अशा रुग्णांसाठी ग्लिसरीनमध्ये टिकवलेल्या जुन्या कॉर्नियाचा आधार घेण्यात आला. त्यात जिवंत पेशी नसल्याने डोळा वाचतो, पण स्पष्ट दिसण्यासाठी सहसा पुन्हा प्रत्यारोपण करावे लागते. युरोपातील नेत्रपेढ्या कॉर्निया शरीराच्या तापमानाजवळ काही आठवडे संवर्धन माध्यमात, म्हणजे पेशी जिवंत ठेवणाऱ्या पोषक द्रवात, ठेवतात, त्यामुळे त्यांना फेरतपासणीला अवधी मिळतो. भारतात मुख्यतः शीतसाठवणूक चालते, ज्यात मॅककेरी-कॉफमन या साठवणुकीच्या द्रवातील ऊती सुमारे चार दिवसांतच वापरावी लागते.

कोविडची धामधूम ओसरल्यावर जुना रेबीजच पुन्हा समोर आला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका दात्याचे मूत्रपिंड बसवलेला रुग्ण जानेवारी २०२५ मध्ये रेबीजने दगावला. त्याच दात्याचे कॉर्निया कलम तिघांना बसवले गेले होते. स्कंक या रानटी प्राण्याने दात्याला ओरखडल्याचे कुटुंबीयांनी दानापूर्वीच्या मुलाखतीत सांगितले होते आणि ते कागदावरही होते, पण त्याचा अर्थ वेळेत लावला गेला नाही. तिघांचीही कलमे खबरदारी म्हणून काढून त्यांना रेबीजप्रतिबंधक उपचार देण्यात आले आणि त्यांच्यात आजाराची लक्षणे दिसली नाहीत.