१८८० ते १९०० : मिडवेस्टमधल्या बाईचं माहेर कुठे हरवतं? (पार्श्वभूमी)

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे ओहायो, इलिनॉय, आयोवा या भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या बाईचं घराणं शोधताना गाडी बहुतेक एकाच ठिकाणी अडते. १८८० च्या जनगणनेत ती ८ वर्षांची, वडिलांच्या घरात, वडिलांच्या आडनावाची. १९०० मध्ये २८ वर्षांची, नवऱ्याच्या घरात, नवऱ्याच्या आडनावाची. मधली १८९० ची यादी उपलब्ध नाही. म्हणजे या पिढीचं नेमकं लग्नाचं वयच कागदावरून गायब आहे.

ही यादी 'जळाली' असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीच्या तळघरात आग लागली, तेव्हा जुन्या जनगणनांचे बरेच खंड तिजोरीवजा खोलीत होते; १८९० चे मात्र त्या खोलीबाहेर फळ्यांवर रचलेले होते. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे पाव भाग नष्ट झाला आणि उरलेल्यातला निम्मा पाणी, धूर आणि आगीने खराब झाला. याचा सरळ अर्थ असा की बराच मोठा भाग वाचण्याजोगा होता. तो १२ वर्षं पडून राहिला. नको असलेल्या कागदांच्या यादीत त्याचं नाव गेलं, कायमचं जपावं असं त्यात काही आहे का हे विचारलं गेलं, आणि कुणी तसं म्हटलं नाही. २१ फेब्रुवारी १९३३ ला संसदेने नाशाला मंजुरी दिली. त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली होती! सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांच्या मोजणीतून जेमतेम ६ हजार नावं उरली. त्याआधीच्या जनगणनांच्या प्रती काउंटीत (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात) ठेवल्या जात. १८९० ला तशी सक्तीही नव्हती. त्यामुळे दोष आगीवर ढकलून मोकळं होता येत नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात: १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचं, आणि प्रमुखाशी नातं थेट १८८० पासून. म्हणून १८५० किंवा १८६० मध्ये एकाच आडनावाचे तरुण स्त्री-पुरुष दिसले तर ते नवरा-बायको न धरता बहीण-भाऊ असण्याची शक्यताही तपासावी.

१८९० चं भोक बुजवायला राज्यांच्या स्वतःच्या जनगणना उपयोगी पडतात. आयोवा आणि मिनेसोटाच्या १८८५ व १८९५ च्या याद्यांत घरातली सगळी नावं आहेत. विस्कॉन्सिनच्या त्याच वर्षांच्या याद्यांत फक्त प्रमुखाचं. १८९० मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी झाली होती. तिच्यातलं ओहायो, मिशिगन, मिसुरी शाबूत आहे; इलिनॉय, इंडियाना, आयोवा जवळजवळ नाहीच.

लग्नाची नोंद नवऱ्याच्या काउंटीत न शोधता मुलीच्या माहेरच्या काउंटीत आधी शोधावी, लग्न सहसा तिथेच लागे. नोंदीत 'वधूचा कितवा विवाह' हा रकाना असेल तर तो आधी वाचावा. दुसरा असेल तर लिहिलेलं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असू शकतं, आणि इथेच अनेक वंशवृक्ष भलत्याच घराला जोडले जातात.

१९०० चे दोन रकाने अशा चुका पकडून देतात: लग्नाला किती वर्षं झाली, आणि बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात. लग्नाला ९ वर्षं, तिची मुलं ४, पण घरात ७ आणि थोरला १५ वर्षांचा, तर ती बहुधा दुसरी बायको. थोरल्याचं आजोळ तिच्या माहेरी शोधून उपयोग नाही.

घरात 'मदर-इन-लॉ' (प्रमुखाची सासू, म्हणजे बायकोची आई) नोंदलेली म्हातारी सापडली की शोधणाऱ्याला माहेर मिळाल्यासारखं वाटतं. पण ती पुन्हा लग्न केलेली असेल तर तिचं आडनाव मुलीचं नसतं, आणि त्या काळी हाच शब्द सावत्र आईसाठीही वापरत.

तिच्या मुलांच्या मृत्यू दाखल्यातलं आईचं माहेरचं नाव सांगणारा बहुधा त्या मृताचा मुलगा किंवा जावई असे, म्हणजे ते ऐकीव. एका दाखल्यावर न थांबता तिच्या सगळ्या मुलांचे दाखले काढून ताडून पाहावेत. आयोवाच्या १९२५ च्या राज्य जनगणनेत तर प्रत्येकाला आईचं लग्नाआधीचं नाव विचारलं होतं. तिचा एखादा मुलगा तेव्हा तिथे राहत असेल, तर त्याच्या ओळीत तिचं माहेर सापडू शकतं.