‘होल’ की ‘होलसम’? अमेरिकन कादंबरीच्या अभ्यासामागचा एक घोळ

आधुनिक अमेरिकन कादंबरी अभ्यासायला घेतली की बहुतेक जण पुलित्झर या अमेरिकन पुरस्काराच्या विजेत्यांची यादी पुढ्यात ओढतात. एकोणिसाव्या शतकातला ‘मोबी-डिक’मधला देवमासा आणि ‘हकलबरी फिन’मधला मिसिसिपीवरचा तराफा सगळ्यांच्या ओळखीचे, ते इथे राहू देत. यादी मात्र जपून वापरावी. तिच्या मुळाशीच एका शब्दाचा घोळ आहे.

पुरस्कारासाठी पैसे ठेवणाऱ्या जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने लिहून ठेवलं होतं की अमेरिकी जीवनाचं ‘होल’, म्हणजे संपूर्ण वातावरण सर्वांत उत्तम दाखवणाऱ्या कादंबरीला 1,000 डॉलर द्यावेत. अंमलबजावणीच्या वेळी, पुरस्कार देणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यक्षांनी इंग्रजी शब्दाला चार अक्षरं जोडली आणि ‘होल’चा ‘होलसम’ झाला. संपूर्णच्या जागी सोज्वळ! घरात सगळ्यांना वाचता येईल अशा पुस्तकाची आपली शिफारस असते ना, त्याच जातकुळीतला हा शब्द.

1921 साली त्याचा फटका बसला. मिनेसोटातल्या एका छोट्या गावाचा कोतेपणा उघडा पाडणारी सिंक्लेअर लुईसची ‘मेन स्ट्रीट’ ही कादंबरी परीक्षकांनी सुचवली होती. वरच्यांनी, म्हणजे विद्यापीठाच्या विश्वस्तांनी, ती डावलून जुन्या न्यूयॉर्कच्या खानदानी समाजावरच्या ईडिथ व्हॉर्टनच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’ला पुरस्कार दिला. तीही अव्वलच, आणि तिच्यामुळे हा मान प्रथमच एका लेखिकेला मिळाला. पण त्या समाजाची तिने काढलेली सालं देणाऱ्यांच्या लक्षात आली नसावीत. डावलल्या गेलेल्या लुईसला 1926 मध्ये ‘ॲरोस्मिथ’ या दुसऱ्या कादंबरीसाठी पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा याच अटीवर बोट ठेवून त्याने तो नाकारला. 1930 मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन तोच.

1920च्या दशकाच्या अखेरीस ‘होल’ परत आला. ‘अमेरिकी जीवना’ची अट तरी कुठे नेटाने पाळली जात होती? 1928चा पुरस्कार पेरूमधला पूल कोसळून मेलेल्या पाच जणांच्या गोष्टीला, थॉर्नटन वाइल्डरच्या ‘द ब्रिज ऑफ सान लुइस रे’ला गेला. 1948 पासून तर विभागाच्या नावातली ‘कादंबरी’च गेली आणि कथासंग्रहांनाही दार उघडलं.

सोज्वळतेची अट गेली तरी वरून नकार येणं थांबलं नाही. 1974 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या रॉकेटांभोवती फिरणारी थॉमस पिंचनची ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ ही अवाढव्य कादंबरी तिन्ही परीक्षकांनी एकमताने सुचवली. अंतिम निर्णय घेणाऱ्या पुलित्झर मंडळाने ती फेटाळली. 2012 मध्ये परीक्षकांनी तीन पुस्तकं पुढे केली, पण एकाही पुस्तकावर मंडळात बहुमत जमलं नाही. रॉकेटांची ती कादंबरी आज उत्तर-आधुनिक साहित्याच्या कुठल्याही चर्चेत हटकून येते. पुलित्झरच्या यादीत मात्र 1974 समोर ‘पुरस्कार नाही’ एवढंच.