वायथम वूड्स

वायथम वूड्स : इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येस काही किलोमीटरवर, टेम्स नदीच्या वळणात असलेले सुमारे 400 हेक्टरांचे पानझडी जंगल. ओक, अ‍ॅश, बीच, सिकॅमोर ही येथील मुख्य झाडे. दिसायला हे जंगल साधेच आहे. त्याचे नाव झाले ते येथील मोजणीमुळे. झाडे, त्यांची पाने खाणारे सुरवंट आणि त्या सुरवंटांवर पिले वाढवणारे पक्षी यांची नोंद येथे 1940 च्या दशकापासून होत आली आहे. प्राण्यांची संख्या कशाने वाढते, कशाने घटते आणि मर्यादेत कशाने राहते, याविषयी परिसंस्थाशास्त्रात आज जे गृहीत धरले जाते, त्यातले बरेचसे येथे तपासून निघाले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे जंगल ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ताब्यात आले. प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी येथील प्राणिसृष्टीची पाहणी हाती घेतली, तर पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी 1947 मध्ये जंगलाच्या एका भागात लाकडी पेट्या टांगून ग्रेट टिट या पक्ष्याचा अभ्यास सुरू केला. हा पक्षी चिमणीपेक्षा थोडा लहान, पोटाला पिवळा, डोके काळे आणि गाल पांढरे. सह्याद्रीच्या झाडीत दिसणारी राखी वल्गुली त्याची जवळची नातलग. पूर्वी दोन्ही एकाच जातीत मोडत असत. ढोलीत घरटे करण्याची सवय असल्याने टिट पेटीही आनंदाने स्वीकारतो आणि संशोधकाचे काम सोपे होते. पेटीचे झाकण उघडायचे, अंडी मोजायची, पिले मोठी झाली की वजन करून पायात क्रमांकाची कडी घालायची. आज अशा सुमारे हजार पेट्या येथे आहेत.

या साखळीतला मधला दुवा म्हणजे विंटर मॉथ हा पतंग. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, इतर कीटक दडून बसलेले असताना, तो जमिनीतून बाहेर येतो. मादीचे पंख नावापुरतेच असतात. ती खोडावरून चालत वर जाते आणि सालीच्या भेगांत अंडी घालते. अंडी एप्रिलच्या सुमारास, ओकच्या कळ्या फुटतात त्याच वेळी उबतात. हा मेळ अगदी अटीतटीचा असतो. सुरवंट आधी निघाला तर कळी बंद आणि तो उपाशी मरतो. उशिरा निघाला तर पाने निबर झालेली असतात आणि त्यांत टॅनिन हे पचायला जड, तुरट द्रव्य साठू लागलेले असते. मेच्या अखेरीस पूर्ण वाढलेले सुरवंट रेशमी धाग्याला लोंबकळत खाली उतरतात व मातीत कोष करतात.

कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज व्हार्ली आणि त्यांचे सहकारी जॉर्ज ग्रॅडवेल यांनी 1950 ते 1968 या काळात पाच ओक वृक्षांवर या पतंगाचा हिशेब ठेवला. वर चढणाऱ्या माद्या खोडावरच्या सापळ्यांत मोजल्या, उतरणारे सुरवंट झाडाखालच्या ताटल्यांत गोळा केले. प्रत्येक टप्प्यावर किती मेले हे मांडले, की एका पिढीचा पूर्ण जमाखर्च हाती येतो. सर्वाधिक आणि सर्वांत चढउताराचे मरण अंडी ते सुरवंट या टप्प्यात होते, म्हणजे कळ्यांशी मेळ चुकण्यात. पतंगांची संख्या एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी का बदलते हे त्यावरून सांगता येत होते. पण ती हाताबाहेर का जात नाही, याचे उत्तर तिथे नव्हते. कारण ते मरण पतंग थोडे असोत की फार, हवामानाच्या लहरीप्रमाणेच चालायचे. खरा लगाम मातीत होता. भुंगेरे आणि चिचुंद्र्या तिथले कोष खातात आणि कोष जितके दाट, तितका मोठा वाटा फस्त होतो. मोठा आकडा एकीकडे आणि ताबा दुसरीकडे, हा भेद वायथममधून शिकण्यासारखी पहिली गोष्ट आहे. कीड नियंत्रणाच्या चर्चेत तो आजही सर्रास विसरला जातो.

याची एक गमतीदार पुष्टी कॅनडातून मिळाली. नोव्हा स्कोशियात हा पतंग चुकून पोहोचला आणि ओकची झाडे ओकीबोकी करू लागला. त्यावर 1950 च्या दशकात युरोपातून परजीवी कीटक आणून सोडले गेले. त्यांतली सायझेनिस ही माशी पानांवर अंडी घालते; सुरवंट पानाबरोबर ती गिळतो आणि माशीची अळी त्याला आतून खाते. तिथे पतंगांची संख्या कोसळली. वायथममध्ये मात्र हीच माशी नगण्य ठरली होती, कारण तिचे कोषही पतंगाच्या कोषांशेजारी मातीत असतात, शिवाय जास्त काळ पडून राहतात आणि भुंगेऱ्यांच्या तोंडी जातात.

टिटसाठी हे सुरवंट म्हणजे पिलांचे अन्न. मादी साधारण आठ-नऊ अंडी घालते. लॅक यांचे म्हणणे असे, की आईबाप जितकी पिले नीट भरवू शकतील त्याच्या आसपास अंड्यांची संख्या नैसर्गिक निवडीने स्थिरावते. त्यांच्यामागून ख्रिस पेरिन्स यांनी दाखवले की हंगामात लवकर उबलेली व उडताना वजनदार असलेली पिले जास्त जगतात. पिलांची भूक उबल्यानंतर साधारण दहाव्या दिवशी शिगेला पोहोचते, म्हणून तो दिवस सुरवंटांच्या सुगीत पडणे महत्त्वाचे. अंडी मात्र त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, झाडे अजून उघडी असतानाच घालावी लागतात. मादीला अंदाज बांधावा लागतो आणि त्यासाठी तिच्या हाताशी मुख्यतः वसंतातला उबारा असतो. हिवाळ्यात किती पिले तगतील हे पुढे बीचच्या बियांवरही ठरते. बी भरपूर आले तर त्या वर्षीची पिले जास्त वाचतात.

हवा तापू लागल्यावर या जुन्या नोंदींना नवीनच महत्त्व आले. 1961 ते 2007 या काळात वायथमच्या टिटांनी अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे आणली आणि सुरवंटांशी बऱ्यापैकी मेळ राखला. 2021 मध्ये त्यात एक बारकावा पुढे आला : ज्या पेट्यांभोवतालचे ओक निरोगी, तिथल्या पक्ष्यांनी वेळ जास्त वेगाने बदलली होती. नेदरलँड्समधील होगे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानातील चित्र वेगळे निघाले. मार्सेल व्हिसर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले, की तेथे सुरवंटांची सुगी अलीकडे सरकली, टिटांची वीण मात्र जागच्या जागी राहिली. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढणाऱ्या पाइड फ्लायकॅचर या स्थलांतरित पक्ष्याची अडचण आणखी वेगळी. निघण्याची वेळ ठरवताना युरोपातल्या ओकची बातमी त्याला मिळत नाही. ज्या डच जंगलांत सुगी सर्वांत लवकर येऊ लागली, तिथे दोन दशकांच्या आत त्याची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढे वाचल्यावर होगे फेलुवेचे टिटही घटले असणार असे वाटते. ते घटले नाहीत. पिले कमी उडाली तेव्हा हिवाळ्यात त्यांच्यातली चुरसही कमी झाली आणि उरलेली जास्त प्रमाणात जगली, असे 2013 मधील विश्लेषण सांगते. पतंगांच्या कोषांबाबत व्हार्लींनी पाहिलेलाच प्रकार हा. वेळ चुकल्याची झळ एकेका घरट्याला बसते, पण गर्दीवर अवलंबून असलेले मरण दुसऱ्या टोकाला ती भरून काढते. ही भरपाई कुठवर पुरेल हे तापमानवाढीच्या वेगावर अवलंबून आहे.

शिकाऱ्यांचा परिणाम नेहमी मेलेल्यांच्या आकड्यात दिसतोच असे नाही. कीटकनाशकांमुळे 1960 च्या सुमारास या भागातून नाहीसा झालेला स्पॅरोहॉक, म्हणजे शिक्र्याचा भाऊबंद, पुढच्या दशकात परतला आणि त्यानंतर टिटांचे हिवाळी वजन घटल्याचे आढळले. जड पक्ष्याला झटकन उडता येत नाही, तेव्हा चरबीचा साठा कमी ठेवणेच परवडते. वीझल हा पेट्यांत शिरून पिले खाणारा छोटा प्राणी. त्याच्यापायी 1970 च्या दशकात लाकडी पेट्या बदलून सिमेंटमिश्रित लटकत्या पेट्या लावाव्या लागल्या.

या बदलामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडता येत नाहीत, विशेषतः पिले दगावण्याच्या बाबतीत. त्याहून मूलभूत आक्षेप पेट्यांवरच आहे. नैसर्गिक जंगलात ढोली मर्यादित असतात आणि त्यांवर भांडणे होतात. हजार पेट्या टांगलेल्या जंगलात ती टंचाई राहत नाही. त्यामुळे अन्न आणि हवामान यांबाबत वायथमचे निष्कर्ष भक्कम असले, तरी टिटांची तेथील दाटी जशीच्या तशी दुसऱ्या जंगलाला लावता येत नाही.