हॉर्सपॉवर नंतर विचारा

हायवेवरच्या ट्रॉल्याच्या नाकावरचा चार आकडी नंबर पाहिलाय? टाटाच्या ‘सिग्ना ५५३०’चंच घ्या. पहिले दोन आकडे वजनाचे, मालासकट ५५ टन. पुढचे दोन ताकदीचे, शेवटचं शून्य गाळलेलं, म्हणजे सुमारे ३०० हॉर्सपॉवर. नवी गाडी बुक करायला गेलेला माणूस याच दोन गोष्टी आधी विचारतो. पासिंग (म्हणजे मालासकट मंजूर वजन) किती आणि ताकद किती? गाडी आवरायची कशी, याचा आकडा नाकावर नसतो.

तो आपणच काढू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे बोरघाटात गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. ५५ टन वजन एवढं खाली आलं की जवळपास ३० कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साडेनऊशे लिटर नळाच्या पाण्याला उकळी आणायला तेवढीच लागते! घाट वीस मिनिटांत उतरला तर हिशेब ३३० हॉर्सपॉवरवर जातो. टायर आणि वारा मिळून त्यातला साधारण सहावा हिस्सा खातात, उरतात पावणेतीनशे. चढताना इंजिन जीव तोडून जेवढा जोर लावतं, जवळपास तेवढाच जोर उतरताना कुणीतरी उलटा लावायचा असतो.

हे काम एकट्या ब्रेक लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर टाकलं तर सगळी उष्णता ड्रममध्ये साठते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरकतो आणि लायनरची पकडही सुटत जाते. पेडल पूर्ण दाबलेलं, ब्रेकच्या टाकीत हवा भरलेली, तरी गाडी सुटलेली. बातमीत त्याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. बऱ्याचदा तुटलेलं, फुटलेलं काहीच सापडत नाही.

हा अनुभव खुद्द क्लेसी कमिन्स यांनी घेतला होता. डिझेल इंजिनांच्या कमिन्स कंपनीचे हे संस्थापक १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन घाटात ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रुळांवरून मालगाडी चाललेली. ती जाता जाता ट्रक जेमतेम निसटला. तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवलं आणि १९६१ पासून जेकब्स कंपनीनं ते विकायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, पण तो वेगळा विषय.

युक्ती साधी आहे. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ताकद खर्च होते, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून ती परत देते. नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की हवा पळून जाते आणि परतफेड होत नाही. गाडीच इंजिन फिरवत बसते, म्हणून हळू होते. याहून स्वस्त सोय म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. त्यात धुराच्या पाइपात झडप बसवून इंजिनाचा श्वास कोंडतात. जोर कमी पडतो, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. तिसरा पर्याय रिटार्डर. तो तेल घुसळून उष्णता रेडिएटरकडे पाठवतो, महाग असतो आणि सपाट मुलखात उगाच वजन वाढवतो. नागपूर–रायपूर धावणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही. कोकणातून देशावर रोज ये-जा असेल तर मात्र पैसे तिथेच घालावेत.

आता मागच्या ॲक्सलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो. कोटेशनमधल्या या बारीक आकड्याकडे कुणी बघत नाही आणि नंतर पाच वर्षं ॲव्हरेजच्या नावानं ओरडत बसतात. ट्रकचं चाक एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातं, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला मिनिटाला सव्वाचारशेच्या आसपास फेरे. टॉप गिअर एकास एक धरला तर ४ च्या ॲक्सलला इंजिन मिनिटाला साधारण १,६७० फेरे घेतं, ५.५ च्या ॲक्सलला २,३०० च्या जवळ. पहिलं हायवेला, दुसरं खाणीतल्या टिपरला. उलट घेतलं तर एक फुकट डिझेल पिईल आणि दुसरा चढावर हाश्शहुश्श करेल.

बाकीचं पटकन. केबिनच्या छतावरचा, वारा वळवणारा पंखा म्हणजे डिफ्लेक्टर ताशी ८० ला धावणाऱ्या पार्सल कंटेनरला उपयोगाचा. ५५ टन घेऊन पन्नास-साठनं जाणाऱ्या गाडीचं डिझेल वाऱ्यापेक्षा टायर जास्त खातात, तिथे चांगले रेडियल बघा. एसीचा वाद मिटलाय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचं आहे.

आणि ड्रायव्हरशी बोला. उतारावर न्यूट्रल टाकली की डिझेल वाचतं हा समज अजून पक्का आहे. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या काळातला असावा. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये ते इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं, आणि पैसे मोजून घेतलेल्या इंजिन ब्रेकचा चाकांशी संबंध उरत नाही.